एकशे त्रेचाळीसच्या पुढच्या रेघा

पौर्णिमेच्या सकाळी शांतिनाथ सरांनी अंघोळ केली, बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, जाऊन दर्शन घेतलं, घरी येऊन चहा घेतला आणि मग, आता कुणी नावं ठेवायचं कारण नाही अशा ऐटीत, फोन हातात घेतला. दहा दिवस त्यांनी त्याला बोट लावलं नव्हतं. दशलक्षण पर्वात बोरगावात कुणी एकाशन करतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवतं, कुणी मीठ सोडतं, कुणी दहाही दिवस नुसत्या पाण्यावर काढतं. सरांनी एकाशन तर केलंच, पण यंदा पहिल्याच दिवशी बस्तीत माईक हातात घेऊन सांगितलं होतं, "आमच्या घरात दहा दिवस कुणीही मोबाईलवर खेळणार नाही." तीस वर्षं शाळेत काढलेल्या, त्यातली बारा हेडमास्तर म्हणून काढलेल्या माणसाला माईक समोर असला की स्वतःपुरतं बोलता येत नाही. म्हणून 'मी'च्या जागी 'आमच्या घरात' आलं, इतकंच. पण एकदा आलं ते आलं. साऱ्या घराचा नियम होऊन बसला.

त्यांनी खेळ उघडला आणि कपाळावर आठी पडली. पर्वाच्या आदल्या रात्री ते एकशे त्रेचाळीसाव्या लेव्हलवर होते. तीन आठवडे तिथंच अडकून पडलेले. आता पडद्यावर आकडा होता एकशे सदुसष्ट.

खेळ तसा साधा. पडद्यावर एक चेंडू असतो आणि एक टोपली. चेंडू टोपलीत घालायचा, पण चेंडूला हात लावायचा नाही. बोटानं मोकळ्या जागेत रेघ ओढायची. बोट उचललं की त्या रेघेला वजन येतं. ती पडते, घरंगळते, कशावर तरी आपटते आणि तिच्या धक्क्यानं चेंडू हलतो. पहिल्या वीस लेव्हल कुणालाही जमाव्यात अशा. मग तरफ येते. एका टोकावर रेघ टाकली की दुसऱ्या टोकावरचा चेंडू उडतो. साठच्या पुढं पाणी येतं, शंभरच्या पुढं पंखे. पंख्याच्या वाऱ्यात हलकी रेघ उडून जाते आणि जड रेघ चेंडूला घेऊनच खड्ड्यात जाते. शाई मोजून मिळते. जपून वापरली तर तीन चांदण्या, उधळली तर एक. आधीची लेव्हल सुटल्याशिवाय पुढची उघडत नाही, आणि हे सरांना फारच पसंत होतं, कारण जन्मभर त्यांनी पोरांना दुसरं काही सांगितलं नव्हतं. अडलं तर खेळ सूचनाही देतो, पण त्याआधी सळया नि सिमेंटची एक कन्नड जाहिरात बघावी लागते. सर सूचना घेत नसत. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसानं तरफेवर सूचना घ्यायची म्हणजे काय?

खरं सांगायचं तर खेळ त्यांचा नव्हताच. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नीला, त्रिशलाबाईंना, लकव्याचा झटका आला. पायात हळूहळू बळ आलं, बोलणंही सावकाश का होईना सुधारलं, उजवा हात मात्र मांडीवर ठेवावा तिथंच राही. व्यायाम घ्यायला निपाणीहून येणारा डॉक्टर म्हणाला, बोटांना काहीतरी चाळा द्या. बेळगावच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या मुलानं, अभिनंदननं, हा खेळ सरांच्या फोनवर घालून दिला. सर खुर्ची ओढून बायकोच्या उशाशी बसले. "असं नव्हे, असं. कोपर सरळ. बोट सैल सोड. अगं, हिकडं बघ, मी दाखवतो." दाखवता दाखवता पहिली लेव्हल त्यांनी सोडवली, मग दुसरीही. दोन आठवड्यांत त्रिशलाबाईंचं बोट काही हललं नाही आणि सर चाळीसाव्या लेव्हलवर पोचले. पुढं तिला शिकवायचं राहूनच गेलं. पण सेवेत त्यांनी कसूर केली असं कुणी म्हणणार नाही. खुर्ची तिच्या उशाशी, ते खुर्चीत, फोन हातात. घर सोडून तासभरसुद्धा कुठं गेले नाहीत. या दहा दिवसांतच काय ते सकाळी आणि दुपारी बस्तीत जाऊन बसले.

तेव्हा आता प्रश्न असा होता, की नियम मोडला कुणी?

आणि दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. बस्तीत सगळे एकमेकांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागणार, आणि पंडितजी चारचौघांत हमखास विचारणार, "काय सर, नियम पार पडला न्हवं?" तिथं उभं राहून खोटं बोलायचं, का माईकवरून दिलेला शब्द आपल्याच घरात मोडला असं सांगायचं? चोर आजच्या आज सापडायला हवा होता.

तपास त्यांना नवा नव्हता. कॉपी करणारी पोरं ते अक्षरावरून ओळखत. या खेळातही तशी सोय होती. सुटलेल्या प्रत्येक लेव्हलचं चित्र तो जपून ठेवतो, आपण ओढलेल्या रेघेसकट. सरांनी चष्मा पुसला आणि एकेक चित्र उघडलं.

त्यांच्या स्वतःच्या रेघा जाड, लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकशे बेचाळीसपर्यंत सगळं त्यांचंच. एकशे त्रेचाळीसला मात्र नुसता एक ठिपका. ठिपकासुद्धा धड गोल नाही, एका बाजूला ओघळलेला. तो पंख्याच्या पात्यावर पडला होता, पंखा अडला होता, आणि वारा थांबल्यावर चेंडू आपोआप उतारावरून टोपलीत गेला होता. तीन चांदण्या! सर बघतच राहिले. तीन आठवडे ते त्या पंख्याच्या वाऱ्याशी झगडत होते. पंखाच बंद करावा हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. नियम मोडल्याचा राग होताच, त्यात ही मिरची वेगळी झोंबली.

पुढची चित्रं आणखी विचित्र. पाच-सहा लेव्हल नुसते ठिपके. मग बोटाच्या पेराएवढी रेघ, थरथरलेली. एकशे पंचावन्नला थोडी लांब, मधेच तुटलेली. एकशे साठच्या पुढं अर्ध्या पडद्याची, वाकडीतिकडी. 'कुणीतरी नवशिका,' सरांनी ताडलं, 'नाहीतर मुद्दाम नवशिक्यासारखं करणारा.' दुसरी शंका त्यांना जास्त आवडली.

घरात माणसं ती किती. सून दिव्या डबा भरत होती. निपाणीच्या बँकेत नोकरी, सकाळी नवाला बाहेर, संध्याकाळी सहाला घरात. सरांनी तिच्यापुढं कागद-पेन सरकवलं.

"दिव्या, ह्यावर एक रेघ ओढ."

"कशाला, आप्पा?"

"वड म्हटलं की वडायची."

तिनं डब्याचं झाकण लावत लावत एक रेघ ओढली. पट्टीनं ओढावी तशी सरळ. "झालं? आप्पा, काय हरवलंय का?"

"माझा फोन कुणी घेतलता, ह्या दहा दिवसांत?"

"मला माझा बघायला येळ न्हाय, तुमचा कवा बघू?" ती हसली आणि स्कूटीची किल्ली घेऊन गेलीसुद्धा. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. इतकी सरळ रेघ ओढणारं माणूस सावध असतं, त्यांच्या मनात आलं. पण सहानंतर सर स्वतःच घरात असत, आणि रविवारी ती त्यांच्याबरोबरच बस्तीत, तेव्हा हिला वेळ मिळाला कधी? नाइलाजानं त्यांनी सुनेला सोडून दिलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्रिशलाबाई सगळं बघत होत्या. "अहो," त्या सावकाश म्हणाल्या, "काय शोधताय?"

"काय न्हाय. तू डोक्याला तरास करून घेऊ नको."

"फोनचं काय..."

"तू पड जरा," सर म्हणाले आणि त्यांनी तिच्या पाठीमागची उशी नीट केली. आजारी माणसाला असल्या भानगडी कशाला सांगायच्या?

उरली मालुबाई. शेजारच्या गावाहून ती रोज अकराला येई आणि चारपर्यंत त्रिशलाबाईंचं सगळं बघे. अंघोळ, जेवण, चार पावलं चालवणं. पर्वात फोन घरीच ठेवायचा ठरवला तोही सरांनीच. अभिनंदनचा फोन आला तर तिनं उचलावा, म्हणून. म्हणजे दहा दिवस फोन, बायको आणि मालुबाई एका खोलीत. सरांच्या मनात पाल चुकचुकली, आणि मग ती गप्प बसेना. दहा दिवस पडून असलेल्या फोनवर धूळ पाहिजे होती, हा आरशासारखा लख्ख. आणि चार्जिंग पुरं शंभर! नुसत्या पडलेल्या फोनला कोण एवढं जपतं?

अकराला मालुबाई आली. सरांनी मुद्दाम फोन टेबलावर उघडा ठेवला होता आणि स्वतः पेपर तोंडापुढं धरून बसले होते. मालुबाईनं आत येताच फोनकडं बघितलं, मग त्रिशलाबाईंकडं बघितलं. त्रिशलाबाईंनी मान किंचित हलवली. मालुबाईनं पदरानं फोन पुसला आणि उलटा करून ठेवला.

सरांनी पेपर खाली घेतला. "मालुबाई, फोन का उलटा केलासा?"

"धूळ बसतीया म्हणून, सर."

"दहा दिवस बसली न्हाय ती?"

मालुबाईची नजर पुन्हा त्रिशलाबाईंकडं गेली. एवढं सरांना पुरेसं होतं. त्यांनी कागद पुढं केला, तिनं पेन धरलं आणि एका दमात ठसठशीत रेघ ओढली. रोज दारात रांगोळी काढणारा हात तो. खेळातल्या थरथरत्या रेघेशी तिचं काही म्हणता काही जुळत नव्हतं. दुसऱ्या कुणी इथं हात टेकले असते. पण पकडल्यावर पोरं अक्षर बदलतात हे सरांना ठाऊक होतं. रेघ जुळली असती तर चोर ठरली असती. जुळली नाही, म्हणून पक्की चोर ठरली.

"मालुबाई, माझ्या घराचा नियम हुता. बस्तीत शब्द दिलता मी. तुम्ही खेळलासा, ते एक. वर लपवताय, ते दोन."

"म्या न्हाय खेळले, सर. आईशप्पथ."

"मग कोण खेळलं? भूत?"

ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. खरं बोलणारा माणूस असा उभा राहतो का?

"मग उद्यापासनं तुम्ही येऊ नका," सर म्हणाले.

"अहो." खुर्चीतून आवाज आला. त्रिशलाबाईंचा चेहरा लाल झाला होता. झटका आल्यापासून त्यांना चिडताना सरांनी पाहिलं नव्हतं. "तिला काय बोलू नका. मी खेळले."

सर हसले. वाईट मनानं नाही. लहान मुलानं काहीतरी कबूल करावं तसं त्यांना वाटलं. "तू?"

"मी. खेळ माझाच हुता. पोरानं माझ्यासाठी घातलाता."

"आणि नियम?"

"नियम तुम्ही घेतलासा. मला इचारलंतं?"

सरांनी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. फोन तिच्या मांडीवर ठेवला, एकशे सदुसष्टावी लेव्हल उघडली, खुर्ची ओढली आणि समोर बसले. "दाखव बघू."

त्रिशलाबाईंनी हाताकडं पाहिलं. हात मांडीवर होता. तर्जनीचं टोक जरासं थरथरलं आणि थांबलं. त्यांनी ओठ चावला. घड्याळाचा काटा पुढं सरकत होता.

"कोपर सरळ घे," सर म्हणाले. "घाई न्हाय. बोट सैल..."

बोट जागचं हललं नाही. त्रिशलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मान फिरवली.

सरांना दया आली, आणि दयेच्या मागोमाग पुन्हा संशय. "कशाला खोटं बोलतीस? तिला पाठीशी घालायला?"

मालुबाई पुढं झाली. आठ महिन्यांत तिनं सरांपुढं आवाज चढवला नव्हता. "सर, उठा तिथनं. भाईर चला."

"काय?"

"भाईर चला म्हणते. मी बी येते, म्हणजे मी केलं म्हणाय नको. आक्का, तुमचं चालू द्या."

का कोण जाणे, सर उठले. दोघं बाहेर येऊन पायरीवर टेकली, सर वरच्या, मालुबाई खालच्या. दार अर्धवट लोटलेलं होतं. मान थोडी वळवली असती तर फटीतून खोली दिसली असती, आणि त्यांची मान वळायला बघत होती. आत काय चाललंय? का नुसतीच रडत बसली आहे? का या दोघींनी मिळून आपल्याला घराबाहेर काढलं? मालुबाई डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडंच बघत होती, म्हणून ते समोर बघत राहिले.

"पर्वाच्या दुसऱ्या दिवशी अभिनंदनदादांचा फोन आलता," मालुबाई हळू आवाजात सांगू लागली. "मी मागं भांडी घासत हुते. धावत आले, तर आक्कांचं बोट फोनवर पोचलंतं. उचलाय जमला न्हाय, पण पोचलंतं. उजवं बोट, सर. मग मीच तो खेळ काढून दिला. दोन तास लागलं त्या एका ठिपक्याला. घामानं भिजल्या. ठिपका पडला तशा माझ्या गळ्यात पडून रडल्या."

सरांनी एकशे त्रेचाळीसचा तो ओघळलेला ठिपका डोळ्यांपुढं आणला. मग पेराएवढी रेघ. मग तुटलेली. मग अर्ध्या पडद्याची. दहा दिवसांत एक हात ठिपक्यापासून रेघेपर्यंत आला होता, आणि ते सगळं सकाळपासून त्यांच्या हातात होतं. त्यांनी त्यात चोर शोधला.

"मला का सांगितलं न्हाय?" त्यांनी विचारलं.

मालुबाईनं जरा आढेवेढे घेतले. "सांगू? राग धरू नका."

"सांगा."

"आक्का म्हणाल्या, त्यास्नी सांगितलं की खुर्ची घेऊन बसतील. आणि ते बसलं की माझा हात मरतोय."

आठ महिने. आठ महिने ते त्या उशाशी बसले होते, आणि गावाला अभिमानानं सांगत होते की मी तिला क्षणभर सोडत नाही.

"मालुबाई," शेवटी ते म्हणाले, "क्षमा मागायला उद्याची वाट कशाला बघू? चुकलं माझं." त्यांनी हात जोडले. मालुबाईला काय करावं कळेना. तीही हात जोडून बसली. "बस्तीत बी सांगतो. दुसऱ्याच्या नावानं नियम घेतला, ही चूक माझी, म्हणून."

"ते तुम्ही बघा. पर उद्या मी यायचं न्हवं का?"

"यायचं. अकराच्या आधी आलासा तर लई बरं."

तेवढ्यात आतून आवाज आला. टिंग. चेंडू टोपलीत पडल्याचा. मग चांदण्यांचा: एक, आणि थोडं थांबून दुसरी. तिसरी आली नाही. शाई जास्त गेली असणार; रेघ लांब ओढली असणार.

सर ताडकन उठले. तोंडातून 'शाब्बास' निघतच होतं. तीस वर्षांची सवय ती. पण त्यांनी ओठ मिटले. आता आत गेलो, नुसतं 'शाब्बास' म्हटलं, तरी ती दचकेल. मग आपण खुर्ची ओढू, मग 'तिसरी चांदणी का गेली' हे सांगू, आणि ते बोट पुन्हा मांडीवर जाऊन पडेल. ते दारापासून दोन पावलं मागं आले. आतून पुन्हा खेळाचं संगीत सुरू झालं. ती पुढच्या लेव्हलला लागली होती.

सरांनी पायरीखालच्या चपला उचलल्या. घातल्या नाहीत; फरशीवर त्यांचा आवाज होतो. चपला हातात घेऊन, पाय न वाजवता, ते अंगणातून बाहेर रस्त्यावर आले.

समोरचा आण्णाप्पा दुकानाच्या दारात उभा होता. "काय सर, आज घरात न्हाय? आणि भर दुपारचं अनवाणी कुठं निघालासा?"

"कुठं न्हाय," सर म्हणाले. "घरात बायको काम करतीया. मी मधी नको."